जामिनाच्या टप्प्यावर ‘हा पुन्हा गुन्हा करील का’ याचे उत्तर मानसशास्त्रज्ञाने द्यावे का?

प्रश्न : ‘अंतरंग’ (नैदानिक मानसशास्त्रज्ञ, मराठवाडा)

सर्व सभासदांना नमस्कार. मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी खासगी व्यवसाय करते. चिंताविकार, नैराश्य, व्यसनमुक्ती आणि मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या हे माझे नेहमीचे काम. न्यायालयाशी संबंध येतो तो क्वचित, आणि तोही मुलांच्या ताब्याच्या वादांपुरता. अलीकडे मात्र एका फौजदारी वकिलांनी माझ्याकडे वेगळीच मागणी केली असून तिच्याबाबत जाणकारांचे मत हवे आहे. ओळख पटू नये म्हणून प्रकरणातील तपशील बदलून लिहीत आहे.

त्यांचा अशील सत्तावीस वर्षांचा, अविवाहित, आईवडिलांसोबत राहणारा तरुण आहे. त्याच्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ खाली बलात्काराचा गुन्हा नोंद असून, तक्रारदार स्त्री त्याच गल्लीत राहणारी आहे. ती त्याची नातेवाईक नाही. मारहाण करून अत्याचार केल्याचा आरोप आहे. याआधी दुसऱ्या एका स्त्रीच्या तक्रारीवरून त्याच्यावर विनयभंगाचा खटला दाखल झालेला आहे आणि तो न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अजून प्रलंबित आहे. दोन्ही आरोप त्याला मान्य नाहीत. दोषारोपपत्र दाखल झाले आहे आणि सत्र न्यायालयात जामीन अर्ज ठेवायचा आहे. पोलीस आपल्या म्हणण्यात ‘आरोपी पुन्हा अशाच स्वरूपाचा गुन्हा करण्याची दाट शक्यता आहे’ असे लिहिणार हे गृहीत धरून, मी त्या तरुणाची तपासणी करावी आणि त्याच्याकडून पुन्हा गुन्हा घडण्याची शक्यता नाही असे प्रमाणपत्र द्यावे, अशी वकिलांची अपेक्षा आहे. त्याने तुरुंगात काही समुपदेशन घेतल्याचा कागदही ते जोडणार आहेत.

लैंगिक गुन्हेगारांचा पुनर्गुन्ह्याचा धोका मोजण्यासाठी परदेशात ‘स्टॅटिक-९९आर’ सारख्या मोजपट्ट्या वापरल्या जातात, हे मी अभ्यासक्रमात वाचले होते. माझा पहिला प्रश्न असा की, ज्याच्यावरील आरोप अद्याप सिद्ध झालेला नाही अशा व्यक्तीला ही मोजपट्टी लावता येते का. दुसरा प्रश्न असा की, मी नकार दिला तर न्यायाधीशांपुढे पोलिसांचे एक वाक्य आणि बचाव पक्षाचे त्याच्या उलट वाक्य एवढेच उरते. त्यापेक्षा काही शास्त्रीय आधार असलेले मत बरे नाही का?

प्रतिसाद : ‘जिल्हा_कोर्ट’ (फौजदारी वकील, पश्चिम महाराष्ट्र)

मॅडम, आधी न्यायालयाची बाजू सांगतो, म्हणजे आपल्या प्रमाणपत्राला तिथे किती जागा आहे ते स्पष्ट होईल.

जामिनाच्या वेळी ‘गुन्ह्याची पुनरावृत्ती’ हा मुद्दा विचारात घ्यावाच लागतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली प्रशांत कुमार सरकार विरुद्ध आशिष चॅटर्जी या प्रकरणात जामिनाचे निकष नमूद केले, त्यांत आरोपी पळून जाण्याचा धोका, साक्षीदारांवर दबाव येण्याची शक्यता यांच्यासोबत गुन्ह्याची पुनरावृत्ती होण्याची शक्यता हाही निकष आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८० पोटकलम ३ मध्ये, ज्या गुन्ह्याचा आरोप आहे तशाच स्वरूपाचा गुन्हा करणार नाही, ही जामिनाची अट म्हणूनच लिहिलेली आहे. कायद्याने प्रश्न विचारला आहे, पण तो कसा सोडवायचा याची पद्धत दिलेली नाही. प्रत्यक्षात होते असे की, तपास अधिकाऱ्याच्या ‘से’मध्ये, म्हणजे न्यायालयात दिलेल्या लेखी म्हणण्यात, एक ठरावीक परिच्छेद असतो. चोरीच्या गुन्ह्यात तोच, मारामारीच्या गुन्ह्यात तोच आणि बलात्काराच्या गुन्ह्यातही तोच. फक्त गुन्हा रजिस्टर नंबर बदलतो. त्या परिच्छेदाला आधार म्हणून बहुधा आरोपीवरील इतर गुन्ह्यांची यादी जोडलेली असते, आणि त्या यादीत निर्दोष सुटलेले खटलेही कधीकधी तसेच राहून गेलेले असतात.

आता आपले प्रमाणपत्र. तज्ज्ञाचे मत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ खाली ग्राह्य धरता येते हे खरे. परंतु जामिनाच्या सुनावणीत कोणी साक्षीदार तपासत नाही, त्यामुळे आपला कागद उलटतपासणीच्या कसोटीवर न घासता तसाच वाचला जाईल. सरकारी वकील त्याला ‘फी देऊन आणलेला कागद’ म्हणतील, आणि खरे सांगायचे तर त्यांच्या जागी मीही तेच म्हणेन. याहून गंभीर बाब दुसरी आहे. आपण त्या तरुणाला घटनेबद्दल विचारणार, त्याच्या लैंगिक सवयींबद्दल विचारणार, आणि तो जे बोलेल ते आपल्या नोंदीत राहणार. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) नुसार स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती आरोपीवर करता येत नाही, आणि सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या २०१० च्या निकालाने नार्को, पॉलिग्राफ यांसारख्या चाचण्या संमतीशिवाय करण्यास मनाई केली. आपल्याकडे तो संमतीने येईल हे मान्य. परंतु तुरुंगात असलेल्या आणि जामिनासाठी आसुसलेल्या माणसाच्या संमतीला किती अर्थ असतो, याचा विचार आपल्या व्यवसायातील लोकांनीच करावा.

‘पुन्हा पुन्हा गुन्हा करणारा’ ही संकल्पना आपल्या कायद्यात आहे, पण ती शिक्षेच्या टप्प्यावर. जुन्या दंड संहितेत २०१३ साली कलम ३७६-ई आले, आता ते न्याय संहितेत कलम ७१ आहे. मुंबईच्या शक्ती मिल प्रकरणात तिघांना २०१४ साली याच कलमाखाली फाशी सुनावली गेली, २०१९ साली उच्च न्यायालयाने कलम घटनात्मक ठरवले, आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये त्या तिघांची फाशी रद्द करून त्यांना पॅरोल आणि फर्लोशिवाय उर्वरित आयुष्यभराची जन्मठेप दिली. या सगळ्या प्रवासात कलम मोजते ते मागील दोषसिद्धी; माणूस पुढे काय करील याचा अंदाज बांधण्याचे काम त्या कलमाचे नाही. आपल्याकडे जे मागितले जात आहे ते नेमके हेच दुसरे काम आहे, आणि तेही दोषसिद्धीच्या आधी.

माझा सल्ला : नम्रपणे नकार द्यावा.

प्रतिसाद : ‘टोरांटोकर’ (न्यायवैद्यक मानसशास्त्रज्ञ, ओंटारियो, कॅनडा)

वकीलसाहेबांच्या निष्कर्षाशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण कारणे थोडी निराळी आहेत आणि ती आकड्यांतून पाहिलेली बरी. मी मूळची साताऱ्याची. गेली अनेक वर्षे इथे हेच काम करते आहे.

‘स्टॅटिक-९९’ ही मोजपट्टी कार्ल हॅन्सन आणि डेव्हिड थॉर्नटन यांनी १९९९ साली तयार केली. नंतर वयाचे गुणांकन सुधारून ‘आर’ आवृत्ती आली. तिच्यात दहा बाबी आहेत आणि त्या ठरवायला आरोपीशी बोलावेच लागते असे नाही, बहुतेक सगळे कागदांवरून. ताई, आपण सांगितलेल्या तरुणाला ती लावून पाहू, म्हणजे अडचण कुठे आहे ते दिसेल.

वय पस्तिशीच्या आत, म्हणून एक गुण. कोणत्याही जोडीदारासोबत सलग दोन वर्षे संसार केलेला नाही, म्हणून एक गुण. मागील लैंगिक गुन्ह्यांत एक आरोप आहे. इथे ही मोजपट्टी दोषसिद्धीसोबत आरोपही मोजते, म्हणून एक गुण. पीडित व्यक्ती नात्यातली नाही, म्हणून एक गुण. ती अनोळखी नाही, पुरुष नाही, आणि त्याला आजवर कोणत्याही खटल्यात शिक्षा झालेली नाही, त्यामुळे उरलेल्या बाबींत शून्य. बेरीज चार. या मोजपट्टीच्या भाषेत चार म्हणजे ‘सरासरीपेक्षा अधिक धोका’. हा शब्दप्रयोग न्यायाधीशांपुढे गेला की जामीन अर्जाचे काय होईल, ते सांगायला नको.

आता तेच चार गुण उलगडून पाहा. एक गुण तरुण असल्याचा आहे. एक गुण अविवाहित असल्याचा आहे. तिसरा गुण अशा आरोपाचा आहे जो अजून कोणत्याही न्यायालयाने तपासलेला नाही. आणि चौथा तर ज्या आरोपासाठी तो जामीन मागतो आहे त्याच आरोपातून आलेला आहे. म्हणजे ‘त्याने हे केले असे समजू’ या गृहीतकावर बेरीज उभी राहते आणि मग ती बेरीजच त्याने पुढे काय करील याचा पुरावा म्हणून पुढे येते. शिक्षा झालेल्या माणसाच्या बाबतीत हे गृहीतक न्यायालयाने आधीच सिद्ध केलेले असते. आरोपीच्या बाबतीत ते सिद्ध करण्याचे काम अजून व्हायचे आहे. आरोप खोटा ठरला तर गुण कमी होतील असे नव्हे. मोजपट्टी लावण्याचे कारणच उरणार नाही.

इथे कॅनडात अशा मूल्यमापनाचा जो सर्वांत गंभीर उपयोग आहे, म्हणजे एखाद्याला ‘धोकादायक गुन्हेगार’ घोषित करून अनिश्चित काळ कैदेत ठेवणे, तो म्हणूनच दोष सिद्ध झाल्यावर आणि शिक्षा सुनावण्यापूर्वी होतो; त्यासाठी न्यायालय त्या व्यक्तीला जास्तीत जास्त साठ दिवस तपासणीसाठी पाठवू शकते. जामिनाच्या वेळी इथेही समाजाच्या सुरक्षिततेचा निकष आहे, पण तिथे न्यायाधीश प्रामुख्याने पुराव्याचे बळ, पूर्वीच्या अटींचे पालन आणि देखरेखीची योजना पाहतात.

दुसरी अडचण पट्टीच्या मापाची. एखाद्या माणसाने दोन वर्षे जोडीदारासोबत संसार केला आहे का, ही बाब जिथे जोडीदार निवडणे आणि सोबत राहणे हे माणसाच्या स्वतःच्या कर्तृत्वावर अवलंबून असते तिथे त्याच्या नाती टिकवण्याच्या क्षमतेबद्दल काही सांगते. आपल्याकडे लग्न घरचे लोक ठरवतात, आणि एखाद्याचे लग्न लांबते ते जमीन कमी म्हणून, नोकरी नाही म्हणून किंवा धाकट्या बहिणीचे व्हायचे आहे म्हणून. तिथे हा गुण नेमके काय मोजतो? उलट दिशेनेही पाहा. अनोळखी आणि नात्याबाहेरील पीडित व्यक्ती असेल तर मोजपट्टी धोका वाढवते. भारतात मात्र राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत वर्षानुवर्षे बलात्काराच्या पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असल्याचे दिसते. म्हणजे घरातल्या मुलीवर अत्याचार करणाऱ्या काकाला ही मोजपट्टी कमी गुण देईल, आणि तो जामिनावर त्याच घरात परत जाईल.

या शंका माझ्या एकटीच्या नाहीत. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली जेफ्री यूअर्ट या मेटी (कॅनडातील एक मूळनिवासी समाज) वंशाच्या कैद्याच्या दाव्यात असा निर्णय दिला की, या प्रकारच्या मोजपट्ट्या मूळनिवासी कैद्यांच्या बाबतीत विश्वासार्ह आहेत की नाहीत याची खातरजमा न करता त्या वापरत राहणे हा तुरुंग प्रशासनाकडून झालेला कायदेशीर कर्तव्याचा भंग आहे. ज्या देशात ही मोजपट्टी घडली त्याच देशातील एका समाजाबद्दल न्यायालयाने ही काळजी घेतली. मग ज्या देशात तिची पडताळणी झालेली नाही तिथे ती जामीन अर्जाला जोडताना किती सावध असावे?

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण तो मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नुसत्या अंतःप्रेरणेपेक्षा ठरावीक निकषांची पद्धत बरी, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल मील यांनी १९५४ सालीच मांडले आणि नंतरच्या संशोधनाने ते पुष्कळदा पुष्ट झाले. हॅन्सन आणि बुसिएर यांनी १९९८ साली ६१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा चार-पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्हा केल्याचे नोंदले गेलेले लोक १३.४ टक्के निघाले. लोकांच्या मनात असतो त्यापेक्षा हा आकडा बराच कमी आहे. अर्थात पोलिसांपर्यंत न पोहोचलेले गुन्हे त्यात नाहीत, आणि आपल्याकडे अशा न पोहोचणाऱ्या गुन्ह्यांचा वाटा मोठा आहे. तरीही हिशेब करून पाहा. हजार दोषसिद्ध लोक घ्या, त्यांतील १३० पुन्हा गुन्हा करणारे आहेत असे धरा, आणि दोन्ही बाजूंनी सत्तर टक्के अचूक असणारी मोजपट्टी लावा. ती १३० पैकी ९१ जणांना बरोबर पकडेल आणि ३९ जणांना सोडून देईल. पण त्याच वेळी पुन्हा गुन्हा न करणाऱ्या ८७० पैकी २६१ जणांवरही धोकादायक असल्याचा शिक्का मारेल. शिक्का बसलेल्या ३५२ जणांत खरे धोकादायक ९१, म्हणजे चारातला एक. तुरुंगातील उपचारांना कोणाला प्राधान्य द्यायचे हे ठरवताना एवढी अचूकता उपयोगी पडते. एका माणसाच्या स्वातंत्र्याचा किंवा एका स्त्रीच्या सुरक्षिततेचा निर्णय केवळ अशा मोजपट्टीवर टाकता येत नाही, आणि ‘धोका नाही’ असे प्रमाणपत्र तर कोणत्याही मोजपट्टीच्या आधारे देता येत नाही, कारण त्या ३९ जणांच्या हातात तेच प्रमाणपत्र असते.

समुपदेशनाच्या कागदाबद्दल एकच सांगते. इंग्लंडमध्ये तुरुंगांतून वर्षानुवर्षे चाललेल्या लैंगिक गुन्हेगारांच्या उपचार कार्यक्रमाचे मूल्यमापन २०१७ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा कार्यक्रम केलेल्यांचे पुनर्गुन्ह्याचे प्रमाण १० टक्के आणि न केलेल्या तुलनीय कैद्यांचे ८ टक्के निघाले, आणि तो कार्यक्रम बंद करण्यात आला. तेव्हा समुपदेशन घेतले म्हणून धोका घटला, असे लिहू नये.

प्रश्नकर्तीचा पुढील प्रश्न : ‘अंतरंग’

दोघांचेही मनापासून आभार. मोजपट्टी लावायची नाही, हे आता माझ्यापुरते स्पष्ट झाले. परंतु वकिलांशी फोनवर बोलले असता ते म्हणाले की, मोजपट्टी नको असेल तर राहू द्या, मुलाखत घेऊन तुमचे वैद्यकीय मत द्या. मुलाखतीत तो तरुण घटना घडलीच नाही असे म्हणणार. अशा वेळी त्याचा नकार, पश्चात्तापाचा अभाव किंवा तक्रारदार स्त्रीबद्दलचा राग यांकडे मी कसे पाहावे? आणि धोक्याबद्दल काहीच बोलायचे नसेल, तर न्यायालयाच्या उपयोगी पडेल असे काही मानसशास्त्रज्ञाकडे आहे की नाही?

प्रतिसाद : ‘टोरांटोकर’

नकाराबद्दल आपली शंका अगदी योग्य आहे. मी वर ज्या १९९८ च्या आढाव्याचा उल्लेख केला, त्यात गुन्हा नाकारणे आणि पीडितेबद्दल सहानुभूती नसणे या दोन्हींचा पुनर्गुन्ह्याशी संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो विकृत लैंगिक आकर्षण, मागील लैंगिक गुन्हे आणि समाजविघातक जीवनशैली यांच्याशी. मुलाखत घेणाऱ्याला नेमके उलट वाटते, कारण समोरचा रडला की आपण विरघळतो आणि तो थंडपणे बोलला की आपल्याला तो धोकादायक वाटतो. त्यात आरोपीच्या बाबतीत तर नकार हे लक्षण म्हणून वाचताच येत नाही. तो त्याचा न्यायालयातील बचाव आहे. निर्दोष माणूस पश्चात्ताप कशाचा दाखवणार? तक्रारदार स्त्रीबद्दलचा राग खोट्या आरोपामुळेही असू शकतो आणि सूडाच्या तयारीमुळेही, आणि बंद खोलीतील तासाभराच्या बोलण्यातून या दोहोंतला फरक ओळखता येतो असा दावा मी तरी करणार नाही.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९८३ च्या बेअरफूट प्रकरणात मनोविकारतज्ज्ञांनी आरोपीला एकदाही न तपासता, केवळ काल्पनिक प्रश्नांच्या आधारे, तो पुढेही हिंसा करणार असे शपथेवर सांगितले. असे दीर्घ मुदतीचे अंदाज दर तिघांत दोनदा चुकतात, असे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने स्वतः त्या प्रकरणात न्यायालयाला कळवले होते. तरीही सर्वोच्च न्यायालयाने ती साक्ष ग्राह्य ठरवली. ज्या व्यवसायाने ‘आम्हाला हे जमत नाही’ असे लिहून दिले, त्याच व्यवसायातील माणसे पैसे घेऊन ते करत राहिली, ही गोष्ट मला आजही खटकते.

प्रतिसाद : ‘निवृत्त_परिविक्षा’ (माजी परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर)

हा धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहितो. मी शिक्षा झालेल्यांच्या आणि बालगुन्हेगारांच्या गृहचौकशीचे काम केले आहे. जामिनाच्या टप्प्यावर आमच्याकडे कोणी विचारत नसे. परंतु मॅडमनी शेवटी विचारलेल्या प्रश्नाला माझ्या कामाकडून काही उत्तर आहे असे वाटते.

‘हा पुन्हा गुन्हा करील का’ हा प्रश्न फार मोठा आहे, आणि मोठा असल्यामुळेच त्याचे उत्तर मोघम येते. त्याऐवजी ‘हा सुटला तर राहणार कुठे, त्या घराचे दार कोणत्या रस्त्यावर उघडते, तक्रारदार बाई कामाला कोणत्या वाटेने जाते, दोन्ही घरांचा पाण्याचा नळ एकच आहे का, घरात दारू कोण पितो, पहिल्या तक्रारीच्या वेळी तडजोडीसाठी कोण कोण त्या बाईच्या घरी गेले होते’ असे प्रश्न विचारले, तर त्यांची उत्तरे प्रत्यक्ष जाऊन मिळवता येतात आणि कोणालाही ती पडताळून पाहता येतात. आरोप खरा असो वा खोटा, ही उत्तरे बदलत नाहीत. पुढच्या सहा महिन्यांत काय घडू शकते याचा त्यांतून बराच अंदाज येतो. आणि मुख्य म्हणजे, जे घडू शकते ते टाळण्यासाठी कोणती अट हवी, हेही त्यांतूनच कळते.

एक उदाहरण देतो. गाव सांगत नाही. आरोपीला जामीन मिळाला आणि दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी लावण्याची अट घातली गेली. ठाणे तालुक्याच्या गावी, आरोपी आठ किलोमीटरवरच्या वाडीत मामाकडे राहायला गेलेला, आणि ठाण्याकडे जाणारा एकुलता एक रस्ता तक्रारदार बाईच्या घरासमोरून. बाजारही रविवारचाच. म्हणजे ज्या दिवशी ती बाई हमखास दारात किंवा बाजारात असणार, त्याच दिवशी न्यायालयाच्या आदेशानेच तो तिच्यासमोरून जायचा, सोबत दोन मित्र आणि मोटारसायकलचा भोंगा. अट मोडली असे कोणी म्हणू शकत नव्हते, कारण तो अट पाळतच होता. हजेरी शेजारच्या ठाण्यात आणि आठवड्यातील दुसऱ्या दिवशी लावण्यात आली तेव्हा तो प्रकार थांबला. आरोपीच्या मनाचा तळ शोधणाऱ्या कोणत्याही चाचणीतून ही गोष्ट बाहेर आली नसती. त्यासाठी कोणीतरी त्या रस्त्याने चालत जायला हवे होते.

तडीपारीबद्दलही कोणी विचारील म्हणून सांगतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ खाली जिल्ह्याबाहेर घालवलेला माणूस जिथे जातो तिथे त्याला ओळखणारे कोणी नसते. हा उपाय एका गल्लीला निवांत करतो, एवढेच.

प्रतिसाद : ‘जिल्हा_कोर्ट’

काकांनी लिहिलेले वाचून माझ्या आधीच्या सल्ल्यात थोडी भर घालतो. नकार द्यावा हे मत कायम आहे, पण नकार कशाला द्यावा हे नीट सांगायला हवे. भाकिताला नकार द्यावा. अटींबाबत काही सांगता येत असेल तर ते जरूर सांगावे. अपर्णा भट विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात, तक्रारदार स्त्रीकडून आरोपीने राखी बांधून घ्यावी ही उच्च न्यायालयाने घातलेली जामिनाची अट सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये रद्द केली आणि काही निर्देश दिले. आरोपी आणि तक्रारदार यांच्यात संपर्क घडवून आणणारी अट नसावी, तक्रारदाराला त्रास होण्याची भीती असेल तर संरक्षणाचा विचार व्हावा, आणि जामीन मिळाल्याचे तक्रारदाराला तत्काळ कळवून आदेशाची प्रत दोन दिवसांत द्यावी, असे त्यात म्हटले आहे. रविवारच्या हजेरीचे उदाहरण या निर्देशांच्या चौकटीत नेमके बसते. सुनावणीत ते मांडण्याचे काम सरकारी वकिलांचे आणि तक्रारदाराच्या वकिलांचे आहे. तक्रारदाराला ऐकून घेण्याचा हक्क आता सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या जगजीत सिंह प्रकरणात मान्यही केलेला आहे.

एका मुद्द्यावर मात्र टोरांटोच्या ताईंशी माझा मतभेद आहे. शास्त्रीय पद्धत नसल्यामुळे न्यायाधीश अंतःप्रेरणेवर निर्णय देतात असे त्यांच्या लिखाणातून ध्वनित होते. माझा अनुभव असा की, जिल्हा न्यायाधीश बहुतेक वेळा आरोपाच्या गांभीर्यावर निर्णय देतात, आणि ‘पुनरावृत्तीची शक्यता’ हे शब्द त्या निर्णयाला नंतर चिकटवलेले असतात. तिथे कोणी आकडा आणून दिला तर आकडाही असाच नंतर चिकटेल, आणि वरिष्ठ न्यायालयात तो खोडणे शब्द खोडण्यापेक्षा अवघड जाईल. शिक्षेच्या टप्प्याची गोष्ट वेगळी. फाशीच्या प्रकरणांत आरोपीची मानसशास्त्रीय तपासणी, तुरुंगातील वर्तणूक आणि परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सांगितले आहे, आणि तिथे आपल्यासारख्या तज्ज्ञांची फार गरज आहे.

प्रतिसाद : ‘टोरांटोकर’

वकीलसाहेब, हा मतभेद मला मान्य आहे. आकडा दिला की त्याच्याभोवतीची अनिश्चितता गळून पडते, हे इथेही रोज पाहते.

ताई, आपण पत्र लिहिणारच असाल तर ते वकिलांना उद्देशून असावे, न्यायालयाला नव्हे, आणि त्यात तीन-चार वाक्यांपेक्षा अधिक काही नसावे. दोष सिद्ध न झालेल्या व्यक्तीकडून भविष्यात लैंगिक गुन्हा घडेल किंवा घडणार नाही असे मत देण्यास आधारभूत ठरेल अशी, भारतीय लोकसंख्येवर पडताळलेली पद्धत आपणाकडे नाही. त्यामुळे असे प्रमाणपत्र आपण देऊ शकत नाही. त्या तरुणाला झोप, व्यसन किंवा आत्महत्येचे विचार यांसाठी उपचार हवे असतील तर ते आपण द्याल, मात्र उपचार करणारी व्यक्ती त्याच्याबद्दल न्यायालयात मत देणार नाही. हे शेवटचे वाक्य विसरू नका, कारण एकदा उपचार सुरू झाले की पुढच्या अर्जाच्या वेळी हीच मागणी पुन्हा होते, आणि तेव्हा आपण त्या कुटुंबाला ओळखत असता.

प्रतिसाद : ‘अंतरंग’

पत्राचा मसुदा याच धर्तीवर केला आहे आणि उद्या पाठवीत आहे. एक किरकोळ शंका राहिली. वकिलांनी माझ्या अभ्यासासाठी म्हणून दोषारोपपत्राची पूर्ण प्रत पाठवून दिली आहे. ती परत करावी की माझ्याकडील नोंदींसोबत ठेवावी?

प्रतिसाद : ‘जिल्हा_कोर्ट’

परत करावी, आणि पोच घ्यावी. त्या प्रतीत तक्रारदार स्त्रीचे नाव, पत्ता, वैद्यकीय तपासणीचा अहवाल आणि तिचा न्यायदंडाधिकाऱ्यांपुढील जबाब असेल. तिची ओळख उघड होईल असे काही छापणे किंवा प्रसिद्ध करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. आपण प्रसिद्ध करणार नाही हे खरे. पण दवाखान्यात येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी तो गठ्ठा एक दिवसही ठेवू नये. मोबाइलवर पीडीएफ आली असेल तर तीही काढून टाका, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या बॅकअपमध्ये राहिली नाही ना, ते पाहा.